खारपाणपट्ट्यातला ट्रक आणि युरियाची टाकी: एका एससीआर बिघाडाचं प्रकरण

हे प्रकरण दर्यापूर तालुक्यातल्या एका सहाचाकी ट्रकचं आहे. गाडी बीएस-६, म्हणजे २०२०पासूनच्या उत्सर्जन नियमांची. अशा गाडीत धुरातले विषारी वायू मारायला एससीआर ही यंत्रणा असते आणि तिच्यासाठी युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी. मालक शेतकरी आणि छोटा व्यापारी. हंगामात घरची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची कपाशी जिनिंगला, तूर-हरभरा अकोल्याच्या बाजार समितीत, आणि परतीला खत, सिमेंट, जे मिळेल ते. तक्रार आली तेव्हा डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा कायम लागलेला होता, भरली गाडी चढाला दम तोडत होती आणि गाडी लवकरच रांगण्याच्या वेगावर येईल अशी सूचना पडद्यावर झळकत होती.

मालकाच्या हातात तोवर दोन सल्ले होते. एका वर्कशॉपने सायलेन्सरमधला उत्प्रेरकाचा संच बदलायला सांगितलं होतं, खर्च लाखाच्या पुढे. दुसऱ्या एका मेकॅनिकने सांगितलं होतं की एक छोटी डबी बसवून देतो, युरियाची कटकट कायमची जाईल आणि दिवाही विझेल. मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवतो. मालकाचा पुतण्या आमच्याकडून शिकून गेलेला, त्यामुळे गाडी आमच्यापर्यंत पोहोचली. दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट सारखी होती: टाकीचं झाकण उघडून आत काय भरलंय हे कुणी पाहिलंच नव्हतं.

आम्ही झाकण उघडलं आणि कडुनिंबाचा वास आला.

ज्यानं शेतात युरिया फेकला आहे त्याला हा वास सांगावा लागत नाही. २०१५पासून देशात शेतीसाठी विकला जाणारा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊनच येतो. वाहनाच्या युरिया द्रावणाला असा वास कधीच नसतो. फार तर अमोनियाची हलकी झाक असते. ड्रायव्हरला विचारलं तर त्यानं काही लपवलं नाही. "बकेट महाग पडे जी. मंग पोतंच घोळलं ड्रममधी. एका पोत्याले शंभर लिटर पानी. आरओचंच पानी टाकत होतो. मे महिन्यात पिलांट बंद पडला, तवा बोरचं टाकलं."

मालकाचा प्रश्न सरळ होता आणि तो आजूबाजूच्या अनेकांच्या मनात असतो, म्हणून जसाच्या तसा देतो: "सर, पिकाले चालते थे युरिया गाडीले काहून चालत नाही?"

हिशेब बरोबर होता, म्हणूनच घात झाला

आधी पैशाची बाजू, कारण मोह तिथूनच सुरू होतो. अनुदानित युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. त्यात १०० लिटर पाणी घातलं की १४५ किलो, म्हणजे साधारण १३३ लिटर द्रावण तयार होतं. लिटरमागे खर्च दोन रुपये. वाहनासाठीच्या तयार द्रावणाच्या सीलबंद बकेटशी तुलनाच होऊ शकत नाही. ट्रक डिझेलच्या ३ ते ५ टक्के युरिया द्रावण पितो, त्यामुळे हंगामात ही बचत डोळ्यांत भरण्याजोगी असते.

आता तीव्रता पाहा. प्रमाणित द्रावणात युरिया ३२.५ टक्के असतो. आयएसओ २२२४१ या मानकात ३१.८ ते ३३.२ टक्क्यांची मुभा आहे. ४५ भागिले १४५ म्हणजे ३१ टक्के. ड्रायव्हरनं अंदाजानं केलेलं मिश्रण मानकाच्या अगदी जवळ जाऊन बसलं होतं. चांदूर बाजारकडच्या एका संत्रा बागायतदाराकडे फळाची गोडी तपासायचा ब्रिक्समीटर होता, तो आम्ही मागवला. सीलबंद कॅनमधल्या द्रावणाला त्यावर ३१च्या आसपास आकडा येतो. टाकीतल्या द्रावणाला ३०च्या जरा खाली आला. दोन्ही नमुने सावलीत एकाच तापमानाला आणून पाहिले होते, म्हणून या फरकावर विसंबता येतं.

इथेच हे प्रकरण वेगळं ठरतं. टाकीतला गुणवत्ता-संवेदक द्रावणाची तीव्रता तपासतो. कुणी नुसतं पाणी भरलं तर तो लगेच ओरडतो. पण ३१ टक्क्यांच्या द्रावणावर त्यानं काही तक्रार केली नाही, कारण त्याला सोडियम दिसत नाही, कॅल्शियम दिसत नाही, निंबोळी तेल दिसत नाही. पाणी जास्त पडलं असतं तर पहिल्याच आठवड्यात दिवा लागला असता आणि उत्प्रेरक वाचला असता. मिश्रण जवळजवळ बरोबर होतं म्हणून गाडी महिनोन्महिने तेच पीत राहिली.

उत्प्रेरक करतो काय

थोडी पार्श्वभूमी द्यायलाच हवी, नाहीतर पुढचं निदान हवेत राहील.

डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ज्वालेचं तापमान इतकं चढतं की हवेतला एरवी शांत असणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो. ही साखळी सोव्हिएत शास्त्रज्ञ झेल्दोविच यांनी १९४०च्या दशकात उलगडली. तयार होतो तो मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड, थोडा नायट्रोजन डायऑक्साइड. दोघांना मिळून नॉक्स म्हणतात. इंजिन जितकं चांगलं जळेल तितका काळा धूर कमी, आणि बहुधा नॉक्स जास्त. म्हणजे ज्या गाडीच्या नळकांड्यातून काहीच दिसत नाही ती स्वच्छ आहे असं मानता येत नाही. नायट्रिक ऑक्साइडला रंग नाही, त्या प्रमाणात वासही जाणवत नाही.

पेट्रोल गाडीत एकच उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नॉक्स ही तिन्ही प्रदूषकं आवरतो, कारण तिथे हवा-इंधनाचं प्रमाण नेमकं राखलेलं असतं आणि धुरात ऑक्सिजन उरत नाही. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन भरपूर उरतो. अशा धुरात नॉक्सचा ऑक्सिजन काढून घ्यायला पाठवलेलं कुठलंही रसायन आधी मोकळ्या ऑक्सिजनशीच जाऊन भिडतं. अमोनिया हा त्याला अपवाद. योग्य उत्प्रेरकावर तो मोकळ्या ऑक्सिजनला बाजूला ठेवून नॉक्सलाच निवडतो, आणि उरतात नायट्रोजन व पाण्याची वाफ. ही निवड हाच या तंत्राचा प्राण आहे. अमेरिकेत एंगेलहार्ड कंपनीनं १९५७ मध्ये याचं पेटंट घेतलं, जपाननं १९७०च्या दशकात वीजकेंद्रांच्या चिमण्यांवर ते मोठ्या प्रमाणात उतरवलं, आणि ट्रकखाली यायला आणखी काही दशकं गेली.

अमोनिया टाकीत घेऊन रस्त्यावर फिरणं धोक्याचं, म्हणून युरिया. गरम धुरात द्रावणाचा फवारा मारला की पाणी उडतं, युरिया फुटून अमोनिया आणि आयसोसायनिक आम्ल बनतं, आणि हे आम्ल वाफेशी मिळून आणखी एक अमोनिया व कार्बन डायऑक्साइड देतं. युरियाच्या एका रेणूमागे दोन अमोनिया. हे सगळं नीट व्हायला उष्णता लागते. धूर २०० अंशांच्या खाली असेल तर फवाराच बंद ठेवावा लागतो. २५० ते ४५० अंशांत काम उत्तम चालतं.

उत्प्रेरकाचे दोन मोठे प्रकार वापरात आहेत. एकात टायटॅनियम डायऑक्साइडवर व्हॅनेडियम आणि टंगस्टनची ऑक्साइडं असतात. दुसऱ्यात झिओलाइट नावाच्या सूक्ष्म छिद्रांच्या खनिजात तांब्याचे किंवा लोहाचे आयन बसवलेले असतात. दोन्हींत पहिली पायरी एकच: अमोनियानं पृष्ठभागावरच्या आम्लधर्मी जागी येऊन टेकणं. अमोनिया अल्कधर्मी, म्हणून त्याला आम्लधर्मी जागा लागते.

आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम हेही अल्कधर्मीच. ते येऊन त्याच जागी बसतात आणि हलत नाहीत. बाजार समितीच्या ओट्यावर कुणी रिकामी बैलगाडी सोडून निघून जावं आणि माल घेऊन आलेल्याला उतरायला जागा मिळू नये, तसं हे आहे. तांबं-झिओलाइटमध्ये तर सोडियम तांब्याच्या आयनाला त्याच्या घरातून बाहेर काढतो. बाहेर पडलेलं तांबं ऑक्साइडच्या गुठळ्या करून बसतं आणि कामातून जातं.

बोरचं पाणी, आरओचं पाणी

आता पुन्हा ड्रायव्हरच्या ड्रमकडे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट हा सगळा पूर्णा नदीचा खारपाणपट्टा. इथल्या भूजलात लिटरमागे हजार मिलिग्रॅमच्या वर क्षार असणं नवलाचं नाही, आणि त्यात सोडियमचा वाटा मोठा. हे पाणी प्यायला चालत नाही, ओलिताला चालत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला आजोबांपासून ठाऊक आहे. या पट्ट्यात पिकं पावसाच्या ओलीवर का काढतात याचं कारणच ते.

मानक काय म्हणतं? वाहनाच्या युरिया द्रावणात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांपैकी प्रत्येकाची मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम. अर्धा मिलिग्रॅम. गावातल्या आरओच्या पाण्यात लिटरमागे २५ मिलिग्रॅम सोडियम उरलं असं धरू. ते प्यायला उत्तम पाणी आहे. पण त्याच्या द्रावणात मर्यादेच्या पस्तीसपट सोडियम झालं. बोरच्या पाण्यात ३०० धरलं तर चारशेपट.

याचं वजन किती होतं ते काढून पाहिलं. महिन्याला ७५ लिटर द्रावण लागलं असं धरलं, तर मानकाच्या द्रावणातून उत्प्रेरकावर जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम सोडियम पडतं. आरओच्या पाण्यातून तेच सव्वा ग्रॅमच्या पुढे. बोरच्या पाण्यातून सुमारे १७ ग्रॅम, म्हणजे मुठीत मावेल इतकं मीठ, आणि तेही एका महिन्यात. काजळी उष्णतेनं जळून जाते, युरियाचे खडे उष्णतेनं उडतात, गंधकाचा बराचसा परिणामही तापवून कमी होतो. सोडियम कुठेही जात नाही.

पाण्याव्यतिरिक्त पोत्यानंही आपली भर घातली होती. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शेतीच्या युरियात बाययुरेट (युरिया तापून स्वतःशीच जोडला गेला की बनणारा पदार्थ) १.५ टक्क्यांपर्यंत चालतं. पोत्यात ते कमाल असेल तर या द्रावणात ०.४७ टक्के येतं. वाहनासाठी मर्यादा आहे ०.३. निंबोळी तेल युरियाच्या किमान ०.०३५ टक्के, म्हणजे पोत्यामागे जेमतेम १६ ग्रॅम. पिकासाठी तेवढं पुरतं. पण द्रावणात ते किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या वर जातं, आणि न विरघळणाऱ्या पदार्थांची एकूण मर्यादाच २० मिलिग्रॅम आहे. गाडीच्या युरिया पंपाचा गाळणीकागद आम्ही काढला तेव्हा तो तेलकट, तपकिरी आणि जवळपास बुजलेला होता.

आणि तो ड्रम. निळा, २०० लिटरचा, फवारणीचं औषध घोळायचा. अनेक कीटकनाशकांत फॉस्फरस असतो आणि फॉस्फरस हेही उत्प्रेरकाचं विष आहे. या गाडीत त्याचा वाटा किती ते सांगता येणार नाही, पण असा ड्रम वापरात होता हे नोंदवणं मला गरजेचं वाटतं, कारण शेतकरी घरात मोठं भांडं म्हटलं की हाच ड्रम पुढे येतो.

पांढरे खडे दोन जातीचे

फवाऱ्याची नोझल काढली तर तोंडाशी आणि समोरच्या नळीच्या भिंतीवर पांढरा थर होता. पुतण्या म्हणाला, युरियाचे खडे आहेत. अर्धं खरं. काही भाग कोमट पाण्यात लगेच विरघळला, तो युरिया. उरलेला चिनीमातीसारखा टणक, पाण्यात टाकून ठेवला तरी तसाच. ते सायन्युरिक आम्ल आणि त्याचे भाऊबंद. युरिया १३३ अंशांना वितळतो. त्यापुढे धूर पुरेसा गरम नसेल तर तो अमोनिया देण्याऐवजी स्वतःशीच जोडला जाऊन आधी बाययुरेट आणि मग सायन्युरिक आम्ल बनतो. तो थर उडवायला मग साडेतीनशे अंशांच्या वर जावं लागतं. द्रावणात बाययुरेट आधीच जास्त असेल तर ही वाट आणखी सोपी होते.

इथे गाडीच्या वापराचाही दोष होता, आणि हा दोष चांगलं द्रावण वापरणाऱ्यांनाही भोवतो. कपाशीच्या हंगामात गाडी शेत ते जिनिंग असा छोटा पल्ला मारते, आणि मग जिनिंगच्या फाटकाबाहेर रांगेत इंजिन चालू ठेवून उभी राहते. रिकामं चालणाऱ्या इंजिनाचा धूर सव्वाशे-दीडशे अंशांच्या पुढे जात नाही. गाडी कुठेही नीट तापत नाही, आणि तापायच्या आत पुन्हा उभी राहते.

त्या रांगेबद्दल थोडं बोलतो. फाटकाच्या आत कापसाच्या ढिगावर बाया काम करत असतात, बाहेर हमाल बसलेले असतात. रांगेतल्या गाड्यांचा नॉक्स त्यांच्याच छातीत जातो. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनळीला चरचरवतो, दम्याच्या माणसाला तर लगेच जाणवतो. आणि उन्हात नॉक्स इतर वाफांशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतो. ओझोन पानांच्या छिद्रांतून आत शिरून पिकाची वाढ मारतो; सोयाबीन आणि गहू याला विशेष नाजूक, कपाशीही त्यातलीच. आपल्याकडे ऊन बाराही महिने. नॉक्सचा प्रश्न दिल्ली-मुंबईचा आहे असं समजून विदर्भात सोडून देणं मला पटत नाही.

आकडे

उत्प्रेरकाच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन नॉक्स-संवेदक गाडीत असतात. भरली गाडी मूर्तिजापूरहून अमरावतीच्या दिशेनं चौपदरी रस्त्यावर काढली आणि स्कॅनरवर दोन्ही आकडे पाहिले. आत जाताना ७०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ७०० भाग) आसपास, बाहेर पडताना ३८०. म्हणजे निम्मा नॉक्ससुद्धा मारला जात नव्हता. धडधाकट संच अशा तापमानाला ९० टक्क्यांच्या वर काम करतो.

पण ३८० हा आकडा एकदम खरा मानायचा नाही. मागचा संवेदक अमोनियालाही नॉक्स समजतो. उत्प्रेरकाला अमोनिया वापरता येत नसेल तर तो तसाच पुढे सरकतो आणि आकडा फुगवतो. म्हणून फवारा थोडा वेळ थांबवून पाहिला. बाहेरचा आकडा आधी खाली आला आणि मग वर चढला. खाली आला याचा अर्थ त्यात अमोनिया मिसळलेला होता. हे महत्त्वाचं, कारण अशा वेळी संगणक बाहेर नॉक्स जास्त दिसतोय म्हणून आणखी युरिया मारत राहतो, आणखी खडे जमतात, आणखी अमोनिया गळतो. गाडी अचानक जास्त युरिया प्यायला लागली, ही तक्रार म्हणून कुणी करत नाही. करायला हवी. या ड्रायव्हरलाही ते महिनाभर आधी जाणवलं होतं, पण द्रावण दोन रुपये लिटरचं असल्यानं त्यानं लक्ष दिलं नाही.

डबीचा सल्ला

दुसऱ्या मेकॅनिकच्या डबीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण असे सल्ले आता तालुक्या-तालुक्यांत मिळतात. ही डबी उत्सर्जन कमी करत नाही. ती संगणकाला खोटे आकडे दाखवते, फवारा बंद करते आणि सगळा नॉक्स बाहेर सोडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, आणि कलम १९०(२)मध्ये हवा प्रदूषणाच्या मानकांचा भंगही येतो.

मालकाचा प्रतिवाद असा होता की पीयूसीत तर काही येत नाही. ते खरं आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. फवारा बंद केलेली गाडी पीयूसीत बिनधास्त पास होते. ही तपासणीतली मोठी फट आहे आणि ती बुजवली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

त्याहून गंभीर बाब पुढे आहे. बीएस-४ मध्ये जड वाहनांना नॉक्सची मर्यादा प्रति किलोवॅट-तास ३.५ ग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये ती स्थिर चाचणीत ०.४० आणि बदलत्या भाराच्या चाचणीत ०.४६ झाली. मागे उत्प्रेरक आहे या भरवशावर अनेक बीएस-६ इंजिनं मुद्दाम जास्त गरम आणि कार्यक्षम जळतील अशी जुळवलेली असतात. त्यांच्या सिलिंडरमधून निघणारा नॉक्स जुन्या इंजिनापेक्षा जास्तही असू शकतो. अशा गाडीचा फवारा बंद केला तर ती जुन्या बीएस-४ गाडीहून घाण होते.

मालकानं डबी बसवली नाही. त्यामागे कायद्याची भीती थोडी आणि जिनिंगच्या रांगेबद्दलचं बोलणं जास्त होतं. त्याची सून तिथेच कामाला जाते.

दुरुस्तीचा क्रम

वर्कशॉपनं उत्प्रेरक बदलायला सांगितला, तो सल्ला पूर्ण चुकीचा नव्हता. पण टाकी, नळ्या आणि गाळणी तशीच ठेवून नवा संच बसवला असता तर पहिल्याच टाकीपासून त्याच्यावरही मीठ बसायला लागलं असतं. लाख रुपये गेले असते आणि वर्षभरात तोच दिवा पुन्हा लागला असता. म्हणून आधी टाकी, मग पंप आणि गाळणी, मग नोझल, मग धूरनळी, आणि उत्प्रेरकाचा निकाल सगळ्यात शेवटी.

टाकी पूर्ण रिकामी केली. निघालेलं द्रावण नालीत सोडलं नाही. पंधरापट पाणी घालून धुऱ्याच्या बाजूच्या कपाशीच्या मुळाशी दिलं. टाकी आणि नळ्या क्षारविरहित पाण्यानं, म्हणजे बॅटरीत टाकतो त्या पाण्यानं, पुन्हा पुन्हा खळबळून काढल्या. साध्या नळाच्या पाण्यानं धुतलं असतं तर क्षार काढायच्या नावाखाली क्षारच सोडले असते. गाळणी नवी. नोझल कोमट क्षारविरहित पाण्यात भिजवून साफ केली; टणक थर तारेनं खरवडायचा नाही, भोकं मोठी होतात आणि मग फवाऱ्याऐवजी धार पडते. सीलबंद द्रावण भरलं, आणि गाडी उभी करून उच्च तापमानाची सफाई चालवली, म्हणजे उरलेले खडे उडून जातील.

त्यानंतर त्याच रस्त्यावर, तेवढ्याच भारानं पुन्हा आकडे घेतले. आत ७००, बाहेर १७०. जवळपास ७६ टक्के. खडे आणि बुजलेली गाळणी यांचा वाटा एवढा होता, तो परत मिळाला. उरलेली तूट मात्र द्रावण बदलून काही आठवडे गेले तरी भरली नाही, आणि गाडी थंड असताना ती जास्तच दिसायची. आम्लधर्मी जागा कमी झालेल्या उत्प्रेरकाची हीच खूण: चांगला तापला की कसाबसा रेटतो, तापमान उतरलं की उघडा पडतो.

वीजकेंद्रांत अशा क्षारांनी बाधलेले व्हॅनेडियमचे ठोकळे बाहेर काढून धुतात आणि पुन्हा वापरतात. ट्रकचा संच पोलादी डब्यात बंद असतो, त्यामुळे गॅरेजमध्ये तो पाण्याखाली धरण्याचा प्रयोग मी कुणालाही सुचवणार नाही. दिवा अधूनमधून पुन्हा लागत राहिला, आणि कपाशीचे पैसे हाती आल्यावर मालकानं संच बदलला. या वेळी तो स्वच्छ टाकीच्या पुढे बसला. त्याच रस्त्यावर बाहेरचा आकडा तीसच्या खाली आला. जुना संच आम्ही तंत्रनिकेतनात कापून उघडला. पांढुरका थर पुढच्या तोंडावरच दाट होता, तोही फवारा पडतो त्या बाजूला. मागचा भाग डोळ्यांना जवळजवळ कोरा. आता तो मुलांना शिकवायला वापरतो.

साठवण, आणि ज्यांनी असं भरलं आहे त्यांच्यासाठी

सीलबंद द्रावणालाही आपल्याकडचं ऊन सोसत नाही. मानकाप्रमाणे २५ अंशांपर्यंत ते १८ महिने टिकतं, ३० अंशांपर्यंत १२, ३५ अंशांपर्यंत ६. ३५च्या वर कायम राहिलं तर दर वेळी तपासूनच वापरावं. अकोला-अमरावतीच्या मे महिन्यात टिनाच्या शेडखाली ठेवलेल्या बकेटीचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. युरिया हळूहळू फुटतो आणि झाकण उघडताच अमोनियाचा भपकारा येतो. म्हणून वर्षभराचा साठा करायचा नाही, दुकानातून घेताना तारीख पाहायची, आणि बकेट घरातल्या थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवायची. पितळेचा नळ, तांब्याचं भांडं, जस्ताची बादली यांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. युरिया हे धातू खातो आणि तेही उत्प्रेरकापर्यंत पोहोचतात. नरसाळं फक्त याच कामाचं, प्लास्टिकचं.

अनुदानित युरिया शेतीसाठी आहे. तो वाहनाच्या द्रावणासाठी किंवा कुठल्याही उद्योगासाठी वापरणं खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे. पेरणीनंतर पोत्यासाठी केंद्रापुढे लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याचं कारण समजावून सांगायची गरज नाही.

कुणी एकदाच असं द्रावण भरलं असेल तर वेळ गेलेली नाही. गाडी सुरू करू नका, कारण किल्ली फिरवली की पंप नळ्या भरून घेतो. टाकी उभ्या जागी रिकामी करून घ्या, क्षारविरहित पाण्यानं धुवा, गाळणी बदला. बरेच महिने भरलं असेल तर हे सगळं करून आधी दोन्ही संवेदकांचे आकडे भरल्या गाडीवर, तापलेल्या इंजिनावर घ्या आणि ते लिहून ठेवा. महिन्यानं पुन्हा घ्या. आकडा तिथेच थांबला असेल तर उत्प्रेरक किती उरला आहे ते कळेल. घसरतच असेल तर टाकीत अजून काहीतरी जातंय. तेव्हा संच बदलायच्या आधी द्रावण कुठून येतं, कोण भरतं आणि कशातून भरतं, हे शोधा.